घरी केलेलं क्लीनर खरंच स्वस्त पडतं का? हिशेब आणि कृती

ओटा, काच, फरशी पुसायच्या तयार स्प्रेमध्ये सगळ्यांत जास्त असतं ते पाणी. पाण्याचे पैसे मोजायचे नसतील तर मूळ घटक घ्यावा आणि पाणी घरचं घालावं. खरी बचत एवढ्यातच आहे. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड घरी तयार करायला गेलात तर मात्र पैसे क्वचितच वाचतात. कपडे खराब झाले तर उलट खिशातून जातात.

आधी हिशेब

लिटरमागे खर्च काढू नका, एका वापरामागे काढा. पाकिटाची किंमत भागिले त्यातले ग्रॅम, गुणिले एका वेळी लागणारे ग्रॅम. तयार मालाचंही असंच गणित मांडा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. घरच्या मिश्रणाला डाग निघेपर्यंत तीनदा फवारावं लागत असेल तर तिन्ही वेळा धरा. बरेच जण इथेच चुकतात: बाटलीचा खर्च काढतात, पण ती किती दिवस पुरली ते बघत नाहीत.

रोजच्या पुसण्यासाठी

१ लिटर पाण्यात ५ मिलि, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, भांडी घासायचं लिक्विड. बस्स. ओटा, टाइल्स, फ्रिजचं दार, कपाटाच्या कड्या यांना एवढं पुरतं. या प्रमाणात ५०० मिलिच्या एका बाटलीतून १०० लिटर क्लीनर होतं, त्यामुळे घरी करण्यासारख्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत फायद्याची. पाणी आधी भरा आणि लिक्विड नंतर सोडा. उलट केलं तर बाटली फेसानेच भरते.

लिक्विड जास्त घातलं की जास्त स्वच्छ होतं, हा समज सोडा. उरलेला साबण पृष्ठभागावर वाळतो, हाताला चिकट लागतो आणि त्यावर धूळ बसते. मग तेच पुन्हा साध्या पाण्याने पुसावं लागतं. आणखी एक गोष्ट: लिक्विड टिकावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्यही पाण्याने पातळ होतं, म्हणून हे मिश्रण आठवड्यापुरतंच करा. गढूळ झालं किंवा वास आला की ओतून द्या.

काचेसाठी ५०० मिलि पाणी, १०० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि १ मोठा चमचा व्हिनेगर. अल्कोहोल पटकन उडून जातं, म्हणून ओघळांचे डाग राहत नाहीत. गॅस पेटलेला असताना फवारू नका.

नळावरचे पांढरे थर

पाण्यातल्या क्षारांचे थर आम्लानेच निघतात. व्हिनेगर चालतं, पण त्यातही ९५ टक्के पाणीच असतं. सायट्रिक ॲसिडची ५० ग्रॅम पावडर घेऊन पाणी घालत १ लिटरपर्यंत नेलं की क्षार विरघळवण्याची ताकद ५ टक्क्यांच्या व्हिनेगरच्या जवळपास येते. म्हणजे १ किलो पावडरीतून २० लिटर. पावडरीच्या किलोचा भाव व्हिनेगरच्या लिटरच्या भावाच्या वीसपटीहून कमी असेल तर पावडर घ्या. शिवाय घरभर आंबूस वासही येत नाही.

नळासाठी फडकं या द्रावणात भिजवून तोटीभोवती घट्ट गुंडाळा, अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. फवारून लगेच पुसलं तर काहीच होत नाही, कारण आम्लाला क्षार विरघळवायला वेळ लागतो. किटलीसाठी १ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम पावडर, अर्धा तास. हे पाणी उकळू मात्र नका. तापल्यावर कॅल्शियम सायट्रेट (क्षार आणि सायट्रिक ॲसिड मिळून बनणारं द्रव्य) कमी विरघळतं, आणि जुना थर निघताना त्याच जागी नवा बसू शकतो.

संगमरवर आणि चुनखडीच्या दगडाच्या फरशीवर कोणतंही आम्ल लावायचं नाही. तिथे उमटणारा फिका ठिपका पुसून जाणारा डाग नसतो. दगडाची चकाकीच खाल्ली गेलेली असते, आणि पॉलिश करून घ्यायचा खर्च वर्षभराच्या बचतीवर पाणी फिरवतो. पावडर कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. विरघळवलेल्या द्रावणात मात्र बुरशी येते, म्हणून लागेल तेवढंच करा.

चिकट तेलकटपणा

इथे धुण्याचा सोडा. १ लिटर गरम पाण्यात १५ ग्रॅम, वस्तू २० मिनिटं बुडवून ठेवा, ब्रशने घासा. हातात मोजे हवेतच, कारण हा सोडा कातडीवरचंही तेल ओढतो. चिमणीची जाळी बुडवण्याआधी तिला चुंबक लावून बघा. चिकटला तर जाळी स्टीलची आहे, खुशाल बुडवा. नाही चिकटला तर ती ॲल्युमिनियमची असू शकते, आणि ॲल्युमिनियम सोड्यात काळं पडतं. अशा जाळीला गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विडच बरं.

खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला तासभर तापवला की धुण्याचा सोडा होतो, हे खरं आहे. पण त्यात वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि १ किलोचे सुमारे ६३० ग्रॅमच उरतात, वर इंधन गेलं ते वेगळं. धुण्याचा सोडा थेट मिळत असेल तर हा खटाटोप करू नका. खाण्याच्या सोड्याचा उपयोग सौम्य घासणीसारखा करा: २ मोठे चमचे सोडा आणि पेस्ट होईल एवढंच लिक्विड, सिंक आणि बेसिनसाठी. लागेल तेव्हाच कालवा. डब्यात भरून ठेवली की ती वाळून घट्ट होते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र

फेस बघून समाधान होतं, पण साफसफाई होत नाही. एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १४ ग्रॅम, खाण्याचा सोडा ५ टक्क्यांचं २०० मिलि व्हिनेगर निकामी करतो. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. दोन्ही वस्तू विकत घेतल्या आणि दोन्ही वाया घालवल्या. तुंबलेल्या मोरीतही या फेसाला जोर नसतो. अडकलेले केस तारेने ओढून काढा. तेलकट थर असेल तर आधी लिक्विड ओता आणि मागून कडकडीत गरम पाणी.

कपड्यांची पावडर: नकोच

किसलेला साबण, धुण्याचा सोडा आणि टाकणखार ही कृती सगळीकडे फिरते. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होतो आणि न विरघळणारा मेणचट साका तयार होतो. तो कापडाच्या धाग्यांत बसतो. पांढरे कपडे करडे दिसायला लागतात, टॉवेल पाणी टिपेनासे होतात, मशीनच्या ड्रममागे थर साचतो. सोडा थोडं कॅल्शियम बांधतो, पण सगळं नाही. बाजारच्या डिटर्जंटमधली द्रव्यं जड पाण्यात असा साका करत नाहीत, त्यांत डाग फोडणारी एन्झाइम्सही असू शकतात. ती घरी होत नाहीत. इथे पैसे वाचवायचे असतील तर पाकिटावरचं प्रमाण वाचून चमच्याने मोजून घाला. अंदाजाने ओतणारे बहुधा जास्तच ओततात.

सुगंध

सुगंधी तेलाचे २० थेंब म्हणजे साधारण १ मिलि. प्रत्येक बाटलीत तेवढं घातलं तर १० मिलिची कुपी दहा बाटल्यांत संपते: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, आणि त्या थेंबांनी स्वच्छता वाढत नाही. आमच्या मते वगळाच.

जंतू मारायचे असतील तर

आजारी माणसाच्या खोलीत किंवा संडासात व्हिनेगरवर भिस्त ठेवू नका. साधं ब्लीच घ्या. ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिलि, थंड पाणी ९८० मिलि; हे ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. जागा आधी साबणाने धुऊन घ्या, कारण मळ ब्लीचची ताकद खातो. मग द्रावण लावून ५ मिनिटं ओलं राहू द्या आणि पुसा. पातळ केलेलं ब्लीच उतरत जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी नवं करा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया गेला तर क्लोरामाइन. दोन्ही वायू विषारी. एका जागी एकामागून एक वापरायचंच झालं तर मध्ये भरपूर पाण्याने धुवा आणि खिडकी उघडी ठेवा.

संपलेल्या क्लीनरच्या स्प्रे बाटल्या पुन्हा वापरा, पण आत आधी काय होतं ते नक्की ठाऊक असेल तरच, आणि चांगल्या धुऊन. जुनं लेबल काढून नवं लावा: नाव, प्रमाण, तारीख. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत काहीही भरू नका. आम्लाचं द्रावण फवारून झालं की बाटलीत साधं पाणी घेऊन चार-पाच वेळा दाबा, नाहीतर आतली स्प्रिंग गंजते आणि नवी बाटली घ्यावी लागते.