10 बाय 15 च्या हॉलमध्ये नाचायचंय? साउंड असा निवडा

घरात नाचायचं ठरलं की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा लावायचा?" माझं म्हणणं आहे, तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी टेप घ्या आणि हॉल मोजा.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, घरीच बायकांना आणि मुलींना नाच शिकवते. भिशी, डोहाळजेवण, मुलांचे वाढदिवस, हळदीच्या आदल्या रात्रीची गाणी, सगळं आमच्या हॉलमध्ये नाहीतर गच्चीवर होतं. आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, साउंडच्या धंद्यात आहेत. खाली लिहिलंय त्यातलं बरंच त्यांच्याकडून शिकलेलं आणि नाचता नाचता पारखून घेतलेलं आहे.

गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळं साउंड म्हणजे तोच असं मनात बसलंय. पण रस्त्यावर वर आभाळ असतं, आवाज पसरून निघून जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. घरात वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी आणि चारी बाजूंनी गिलावा. आवाजाला जायला जागाच नाही, तो परत आपल्यावरच येतो. म्हणून घरात मोठा साउंड घेतला की मजा वाढत नाही, गोंगाट वाढतो. नाचायला हवा असतो स्वच्छ ठोका. तो पायाला कळला पाहिजे आणि शेजारी नाचणाऱ्या जावेशी ओरडल्याशिवाय बोलताही आलं पाहिजे.

आता वॅटचं बघू. खोक्यावर "पीएमपीओ" म्हणून हजारांतला आकडा छापलेला दिसला तर त्याच्याकडं बघूही नका, त्याला काही अर्थ नाही. "आरएमएस किती?" असं विचारा, म्हणजे सतत वाजताना किती वॅट मिळतात तो आकडा. तो आकडा कळला तरी पुढचं लक्षात ठेवा: 100 वॅटच्या जागी 200 वॅट घेतले तर आवाजात फक्त 3 डेसिबलचा फरक पडतो. कानाला तो जेमतेम कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 पट वॅट लागतात. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा. स्पीकरला 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. 88 डेसिबलच्या स्पीकरला 100 वॅट देऊन जो आवाज मिळतो, तोच 94 च्या स्पीकरला 25 वॅटमध्ये मिळतो. भाऊजी गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगतात, "वॅट बघू नका, बॉक्स बघा." मोठा कोन, म्हणजे स्पीकरचा थरथरणारा पडदा, आणि भक्कम, ठोकला तर भद्द न वाजणारा बॉक्स असेल तर कमी वॅटमध्येही घर भरतं.

10 बाय 12 ते 12 बाय 18 पर्यंतच्या हॉलला 10 किंवा 12 इंची वूफरचा (बेस वाजवणाऱ्या मोठ्या कोनचा) एक पॉवर्ड स्पीकर, म्हणजे ज्याच्या पोटातच मशीन (ॲम्प्लिफायर) असतं तो, पुरेसा आहे. हल्ली मिळणारे बॅटरीवरचे पार्टी स्पीकरही चालतात. जेबीएलचा पार्टीबॉक्स 110 घ्या: 160 वॅट, आणि बॅटरी 12 तास चालते असं कंपनी सांगते. ते 12 तास मध्यम आवाजाचे असतात, बेस वाढवून जोरात लावला की बॅटरी त्याच्या कितीतरी आधी बसते. त्यामुळं चार्जर जवळ ठेवा आणि प्लगची जागा आधीच हेरून ठेवा. घरी जुना 5.1 चा होम थिएटर पडून असेल तर त्यावरही वाढदिवस निभतो. फक्त रिमोटवर सगळ्या स्पीकरमधून एकसारखं गाणं वाजवायचा पर्याय शोधून तो लावा, नाहीतर मागचे स्पीकर मुके राहतात. टीव्हीखालच्या साउंडबारवर मात्र नाचाचा भार टाकू नका. तो बोलणं नीट ऐकू यावं म्हणून केलेला असतो, ढोलकीचा धुम त्याला पेलत नाही.

गच्चीचं गणित वेगळं. तिथं भिंती नाहीत म्हणून बेस हवेत विरतो. हॉलमध्ये जो स्पीकर दणदणीत वाटत होता तोच वर नेला की पोकळ वाटायला लागतो. तिथं 12 किंवा 15 इंचीचे दोन लागतात, आणि ते जिन्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून ठेवायचे. पत्र्याची शेड असेल तर पावसाच्या दिवसांत गच्चीचा नाद सोडा. पत्र्यावर सर लागली की साउंड कितीही मोठा असला तरी गाणं कळत नाही.

दुकानात जाताना स्वतःची गाणी घेऊन जा. दुकानदार त्याच्या पेनड्राइव्हवरचं जे लावतो ते त्या स्पीकरला शोभणारंच असतं. मी तीन तऱ्हेची गाणी नेते. एक हलगीचं. हलगीची काठी चामड्यावर पडल्याचा टणत्कार सुटासुटा यायला हवा, सगळं मिळून एकच खळखळाट झाला तर वरचा आवाज, म्हणजे ट्रेबल, कच्चा आहे. दुसरं ढोलकीची लावणी: बाईचा आवाज पुढं, शाईच्या बाजूचे बोल टणक आणि धुमच्या बाजूची गमक गोल. धुम आला की गाणारीचा आवाज दबतो का, तिथं कान ठेवा. तिसरं आजच्या पार्टीचं, इलेक्ट्रॉनिक ठोक्याचं. त्यातला ठोका बहुतेक 50 ते 100 हर्ट्झच्या मधे, म्हणजे खालच्या बेसमध्ये असतो. आवाज हळूहळू तीन चतुर्थांशापर्यंत वाढवा. ठोका फाटला, घरघरला किंवा प्रत्येक ठोक्याला बाकीचं गाणं आत ओढल्यासारखं झालं तर तो स्पीकर तुमच्या नाचाला पुरणार नाही. शोरूममध्ये कितीही चकाचक दिसला तरी.

आणि दुकानात जे ऐकलं ते घरात तसंच ऐकू येणार नाही, कारण निम्मं काम खोली करते. 10 फुटांवरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. म्हणून एका ठिकाणी उभं राहिलं की बेस अंगावर येतो आणि दोन पावलं सरकलं की गायब होतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबला तर बेस आणखी फुगतो. लहान स्पीकरला त्याची मदत होते, मोठ्याला ते नडतं. माझी पद्धत सांगते. गाणं लावायचं, स्पीकर कोपऱ्यापासून वीतभर वीतभर सरकवायचा आणि मधे जिथं नाच होणार तिथं उभं राहून ऐकायचं. जिथं ठोका घट्ट लागतो तिथं खडूची खूण करायची. हॉल रिकामा असला की आवाज फार घुमतो. खिडक्यांचे जाड पडदे ओढा, सोफा आणि गाद्या भिंतीला लावा. समोरच्या भिंतीवर जमखाना टांगला तरी खणखण कमी होते. माणसं आली की आवाज आणखी शोषला जातो, तेव्हा थोडा वाढवायची तयारी ठेवा.

स्पीकर जमिनीवर ठेवू नका. आपल्याकडं पोरं नेहमी बॉक्सच्या तोंडाशीच नाचतात आणि त्यांचे कान बरोबर त्या उंचीला असतात. स्टॅण्डवर किंवा भक्कम टेबलावर चढवा, तोंड मोठ्यांच्या डोक्याच्या थोडं वर आणि किंचित खाली झुकलेलं. स्टॅण्डचे पाय पूर्ण फाकवा, वायर भिंतीच्या कडेनं न्या आणि चिकटपट्टीनं दाबा. फोनमध्ये डेसिबल मोजायचं ॲप टाकून घ्या, अंदाजाला पुरतं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं कामगारांसाठी घालून दिलेली मर्यादा 85 डेसिबलला 8 तास आहे, आणि पुढं प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा: 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1. मी नाचाच्या जागी 88 ते 90 च्या वर जाऊ देत नाही. आजी-आजोबांच्या खुर्च्या दाराशी, स्पीकरच्या बाजूला. समोर नको.

दोन स्पीकर लावणार असाल तर आणखी दोन गोष्टी, त्या कुणी सांगत नाही. गाणी स्टिरिओ असतात. एक स्पीकर या कोपऱ्यात, दुसरा त्या कोपऱ्यात ठेवला की अर्धी वाद्यं इकडं आणि अर्धी तिकडं वाजतात. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत "मोनो ऑडिओ" असतं, ते चालू करा. आणि वेगळं मशीन वापरत असाल तर लाल-काळी वायर दोन्हीकडं सारखी लागली आहे का बघा. एकीकडं उलटी लागली तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खातात. एक स्पीकर बंद केल्यावर ठोका वाढला तर वायर उलटी आहे हे ओळखायचं. मशीनवर किमान 8 ओहम लिहिलं असेल तर एकाच जोडणीला 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडू नका. ते 4 ओहम होतात आणि मशीन तापतं. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या जुगाडावर तर काहीच चालवू नका, विशेषतः ओल्या गच्चीवर.

माईक हवाच असेल, आणि उखाण्यांशिवाय आपलं होत नाही, तर माईक धरणारी स्पीकरच्या मागं उभी राहू दे. समोर आली की शिट्टी वाजते. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरवरून करा. लाल दिवा सतत पेटत असेल तर तो आवाज कमी करायचा इशारा आहे. तसाच रेटला तर ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, जळतो.

शेजाऱ्यांचं मला मनापासून वाटतं, कारण वरच्या मजल्यावर बेसच जातो, शब्द जात नाहीत. स्टॅण्डखाली जाड रबर किंवा दुमडलेली गादी घाला, म्हणजे स्लॅबमधून जाणारा दणका कमी होतो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम घरालाही लागू आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, आणि खासगी साउंडचा आवाज आपल्या हद्दीवर त्याच्या वर 5 डेसिबलहून जास्त गेलेला चालत नाही. दवाखाना, शाळा, कोर्टाजवळच्या शांतता क्षेत्रात मर्यादा 50 आणि 40. रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत लाउडस्पीकर बंद. ॲप घेऊन कंपाउंडच्या गेटशी उभं राहा आणि त्या आकड्यावरून आतला आवाज ठरवा. आदल्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगून या, जमलं तर बोलावूनच घ्या. आम्ही सात वाजता सुरू करतो आणि साडेनऊला तांबडा-पांढरा वाढायला घेतो.

वर्षातून एकदोनदाच नाचणार असाल तर विकत घेऊ नका, भाड्यानं आणा. भाड्यानं आणताना बॉक्स तुमच्यासमोर वाजवून घ्या, जादा वायर आणि पिन मागा, माणूस थांबणार की ठेवून जाणार ते आधी ठरवा, आणि अनामत किती ते मेसेजवर लिहून घ्या. विकत घेतलात तर पावसाळ्यात तो जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्महिने तशीच ठेवायची नाही, अर्धी भरून ठेवायची आणि अधूनमधून वाजवायची.

गाणी आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्या, नेटवर अवलंबून राहू नका. पार्टीच्या वेळी फोन विमान मोडवर टाकून नुसतं ब्लूटूथ चालू ठेवा, नाहीतर ऐन रंगात कुणाच्या तरी मामाचा फोन सगळ्या हॉलला ऐकू येतो. वायर असेल तर वायरच लावा. एकीनं फोन सांभाळायचा आणि फर्माईशी तिच्याकडंच द्यायच्या.