छपाईला तयार फाइल डिजिटल प्रेसच्या कंट्रोलरवर कशी चालवावी

लग्नसराई आणि दिवाळी जवळ आली की सांगलीतल्या डिजिटल प्रेसवर पत्रिका, हळदीच्या नि बेदाण्याच्या पाकिटांची लेबले, दुकानांची पत्रके अशी कामे एकदम येऊन पडतात. "फाइल रेडी आहे, फक्त प्रिंट मारा," असे गिऱ्हाईक सांगते आणि घाईत फाइल थेट प्रिंटला सोडली जाते. तसे करू नका. डिजिटल मशिनवर प्रत्येक छापाचा क्लिक मोजला जातो. छाप चुकला तरी मीटर पुढे जातोच, वर महागडा कागद वाया. फाइल आधी कंट्रोलरवर, म्हणजे मशिनला छपाईची कामे पुरवणाऱ्या संगणकावर, थांबवायची, प्रोसेस करायची, नीट बघायची आणि मगच छापायची.

मशिनला पीडीएफ समजत नाही, ठिपके समजतात. अक्षरे, फोटो आणि रंग यांचे सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार रंगांच्या ठिपक्यांत रूपांतर करण्याचे काम कंट्रोलरमधला रिप हा प्रोग्राम करतो. पुष्कळ मशिनना फायरी कंट्रोलर असतो, म्हणून इथे त्याच्या कमांड वर्कस्टेशन या सॉफ्टवेअरमधली नावे वापरली आहेत. तुमचा कंट्रोलर वेगळा असेल तर नावे बदलतील, क्रम हाच राहील.

फाइल हातात आल्यावर

व्हॉट्सॲपवर फाइल मागवायची तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून आलेले चित्र दाबून लहान झालेले असते. पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडा. चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेले डिझाइन) आहे का, आणि फोटो छापायच्या मापात 300 डीपीआयच्या (दर इंचातले ठिपके) आसपास आहेत का, ते पाहा.

मराठी कामात खरा घोळ फॉन्टचा होतो. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमधल्या फॉन्ट्सच्या यादीत प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट', म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच भरलेला आहे असे, दिसलेच पाहिजे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट सोबत आला नाही आणि कंट्रोलरने दुसरा लावला, की 'शुभविवाह'च्या जागी अगम्य रोमन अक्षरे छापून येतात. युनिकोड मजकुराची तऱ्हा वेगळी. डिझाइनचे सॉफ्टवेअर जुने असेल तर रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षर सुटे होते. ही चूक पीडीएफमध्येच पक्की झालेली असल्याने कंट्रोलर ती सुधारू शकत नाही, फाइल डिझायनरकडे परत पाठवावी लागते. फॉन्ट एम्बेड होतच नसेल तर मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून घ्या, पण त्याआधी गिऱ्हाइकाकडून प्रूफ वाचून घ्या. नंतर एक अनुस्वारसुद्धा टाइप करून बदलता येत नाही.

होल्डमध्ये टाका आणि सेटिंग लावा

फाइल 'होल्ड' रांगेत घ्या आणि जॉब प्रॉपर्टीज उघडा. आधी कागद: माप, जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन), कोटेड (गुळगुळीत लेप दिलेला) की साधा. हे खरे तेच भरा, कारण मशिन त्यावरून फ्यूजरची, म्हणजे टोनर तापवून कागदावर बसवणाऱ्या भागाची, उष्णता ठरवते. 300 जीएसएमचे आर्ट कार्ड ट्रेमध्ये ठेवून सेटिंग साध्या कागदाचे ठेवले, तर टोनर नीट बसत नाही आणि घडीवर सुटतो.

मग रंग. 'ब्लॅक टेक्स्ट अँड ग्राफिक्स' हा पर्याय 'प्युअर ब्लॅक'वर ठेवा. वर्डमधून आलेला काळा मजकूर बहुधा आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला, असतो. तो चार रंगांत फुटला की बारीक मात्रा आणि अनुस्वारांच्या कडेला रंगीत झाक दिसते. स्पॉट रंग (ठरावीक नावाचा खास रंग) असेल तर 'स्पॉट कलर मॅचिंग' सुरू करा. हळदीच्या लेबलाचा पिवळा जपून बघा, त्यात थोडा सायन मिसळला तरी हळद हिरवट दिसते.

इम्पोझिशन, म्हणजे मोठ्या शीटवर पानांची मांडणी, सोपे आहे. साडेतीन बाय दोन इंचांची व्हिजिटिंग कार्डे ब्लीडसह 13×19 इंची शीटवर 3 रांगांत 8 अशी 24 बसतात. मधून पिन मारायच्या पुस्तिकेची पाने 4 च्या पटीत हवीत. पाठपोट कामात मागची बाजू उलटी येणार नाही ना, ते इथेच ठरवा.

प्रोसेस अँड होल्ड

आता जॉबवर 'प्रोसेस अँड होल्ड' द्या. रिप पूर्ण होईल, पण कागद हलणार नाही. प्रोसेस झालेल्या जॉबचा प्रिव्ह्यू उघडा आणि मोठा करून पाहा. ॲक्रोबॅटमधले पान कितीही चांगले दिसले तरी छापून येणार ते हे रास्टर, म्हणजे ठिपक्यांचे चित्र. पांढऱ्या मजकुराला चुकून ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावरच छापणे) लागले असेल तर तो गायब झालेला इथे दिसेल. सावलीमागे चौकोनी डाग आला आहे का, तेही बघा. इमेज व्ह्यूअर असेल तर सायन, मॅजेंटा आणि यलो बंद करा: काळा मजकूर पूर्ण शाबूत राहिला पाहिजे. काही बिघडलेले दिसले तर सेटिंग बदलून पुन्हा प्रोसेस करा. त्यात मिनिटे जातात, क्लिक जात नाही.

एक शीट, मग बाकीच्या

कॅलिब्रेशन, म्हणजे मशिनचे रंग मोजून जुळवणे, त्या दिवशी, त्याच प्रकारच्या कागदावर झालेले असावे. पावसाळ्यात कागद दमट होऊन वळतो, म्हणून रिम लागेल तेव्हाच फोडा आणि उरलेला कागद गुंडाळून ठेवा. पहिली शीट उजेडासमोर धरून पाठपोट जुळते का पाहा, कापून बघा आणि गिऱ्हाइकाची त्याच शीटवर सही घ्या. मग प्रतींचा आकडा टाकून प्रिंट द्या. काम झाल्यावर सेटिंगसह जॉब आर्काइव्ह करून नावात तारीख आणि कागद लिहा. तीच लेबले पुन्हा मागवली गेली, तर त्या दिवशी कॅलिब्रेशन करून हाच जॉब उघडता येतो.