व्हिएन्नाची सहल आखताना: दिवसा शहर, रात्री ऑपेरा

व्हिएन्नाला जाणारे बरेच जण आधी विमानाची तिकिटं काढतात, मग हॉटेल, मग शॉनब्रुन राजवाडा, आणि शेवटच्या दिवशी ‘एखादा ऑपेरा बघून टाकू’ म्हणून ऑपेराच्या दाराशी येतात. तिथे केसांचा पांढरा टोप आणि लाल कोट घातलेला एक मोझार्ट, म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या संगीतकाराच्या वेशातला विक्रेता, तिकिटं घेऊन उभाच असतो. तो विकतो ती तिकिटं पर्यटकांसाठी भरवलेल्या मैफलींची असतात, मागच्या इमारतीतल्या खेळाची नव्हेत. खरा ऑपेरा बघायचा असेल तर आखणी उलटी करायची. आधी संध्याकाळी ठरवायच्या, त्यांच्याभोवती दिवस बसवायचे आणि विमान त्यानंतर.

तारखा कार्यक्रमपत्रिका बघून ठरवा

इथलं मुख्य ऑपेरागृह म्हणजे स्टाट्सओपर. त्याचा हंगाम सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्टमध्ये ते बंद असतं, त्यामुळे उन्हाळी सुट्टीची सहल असेल तर मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा बघावा. शाळा सुरू व्हायच्या आत परतही येता येतं. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक वसंतात जाहीर होतं आणि संकेतस्थळावर तारीखवार दिसतं.

या ऑपेराची खासियत अशी, की एकच खेळ महिनाभर चालत नाही. आज इटालियन संगीतकार पुच्चिनी, उद्या मोझार्ट, परवा बॅले असा रोज पट बदलतो. त्यामुळे चार-पाच दिवसांच्या मुक्कामात दोन-तीन वेगळ्या कलाकृती सहज मिळतात. मात्र रोज रात्री ऑपेरा ठेवू नका. दोन संध्याकाळी, मध्ये एक मोकळी, एवढं पुष्कळ झालं.

आणि पोचल्याच्या दिवशी तर अजिबात नको. भारत व्हिएन्नाच्या उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. संध्याकाळी सातचा खेळ म्हणजे तुमच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा, तोही रात्रभराच्या विमानप्रवासानंतर. तिसऱ्या अंकात नायिका प्राण सोडत असते आणि आपली मान शेजाऱ्याच्या खांद्यावर.

पहिला ऑपेरा कोणता घ्यावा

माझं मत विचाराल तर पुच्चिनी. ‘ला बोएम’ मध्यंतरासकट अडीच-तीन तासांत आटोपतो, गोष्ट सरळ आहे (गरीब कवी, आजारी मुलगी, पॅरिसची थंडी) आणि चाली पहिल्यांदाच ऐकताना मनात बसतात. ‘टोस्का’ही तसाच: रोममधली गायिका, तिचा चित्रकार प्रियकर आणि त्याच्या जिवावर उठलेला पोलीसप्रमुख. स्टाट्सओपरमध्ये ‘टोस्का’चं जे नेपथ्य दिसतं ते दिग्दर्शिका मार्गारेटे वाल्मन यांच्या १९५८ सालच्या प्रयोगाचं आहे. तेच आजही उभं केलं जातं आणि त्याचे सहाशेच्या वर प्रयोग झाले आहेत. ‘ला बोएम’चा प्रयोग दिग्दर्शक झेफिरेल्ली यांचा, १९६३ सालचा. जुन्या पद्धतीचं भरगच्च नेपथ्य बघायचं असेल तर हे दोन्ही नेमके. काही नव्या प्रयोगांत राजवाड्याच्या जागी कचेरी दिसते. पहिल्याच वेळी ते डोक्यावरून जाण्याची शक्यता जास्त.

मोझार्टचा ‘फिगारोचं लग्न’ साडेतीन तासांचा, पण हसवतो. जर्मन संगीतकार वाग्नर मात्र पुढच्या खेपेला ठेवा. त्याचे काही ऑपेरा दोन मध्यंतरं धरून पाच तास चालतात आणि म्हणून संध्याकाळी पाचलाच सुरू होतात, म्हणजे दुपारही गेलीच.

जायच्या आधी कथानक वाचा, आणि दोन-तीन गाजलेल्या एकलगीतांची घरी पारायणं करा. ओळखीची चाल समोर जिवंत उभी राहिली की भाषा कळत नसल्याचं काही वाटत नाही. प्रत्येक जागेसमोर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीसह काही भाषांत संवाद दिसतात. ऑपेरा आपल्याला रुचेल का हीच शंका असेल, तर मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे चित्रित खेळ मोठ्या पडद्यावर दाखवले गेले आहेत. असा एखादा खेळ लागला तर आधी तो बघून घ्यावा.

तिकीट: बसून की उभ्याने

बसायच्या जागांचे दर खेळानुसार आणि गायकांनुसार बदलतात. चांगल्या जागा दोनशे युरोंच्या पुढे जातात. स्वस्तातल्या जागांचं गौडबंगाल असं, की नाव ‘बॉक्स’ (भिंतीलगतचा छोटा कक्ष) आणि दिसतो खांब. घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या प्रेक्षागृहात बाजूच्या बॉक्समधल्या मागच्या रांगेतून रंगमंचाचा निम्मा भाग झाकला जातो. नकाशावर ‘अंशतः दिसेल’ असं लिहिलेलं असेल तर ते गांभीर्याने घ्या. त्याच पैशांत वरच्या गॅलरीतली मध्यभागाची जागा मिळत असेल तर ती घ्या. रंगमंच लांब दिसतो, पण सगळा दिसतो, आणि आवाज वर छान पोचतो. तिकीट ऑपेराच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. मधले विक्रेते तेच तिकीट चढ्या भावाने विकतात.

उभ्याची तिकिटं हा या शहराचा खरा ठेवा. त्यांचे दर वीस युरोंच्या आत असतात. खेळाच्या दिवशी सकाळी दहापासून ती संकेतस्थळावर मिळतात. उरलीच तर संध्याकाळी खेळाआधी खिडकीवर. तळमजल्यावरची उभी जागा प्रेक्षागृहाच्या ऐन मध्यात आहे, पूर्वीच्या शाही बॉक्सच्या बरोबर खाली. म्हणजे बादशहाला दिसायचं तेच तुम्हाला दिसतं, फक्त त्याला खुर्ची होती. टेकायला कठडा असतो. त्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून जागा धरायची इथली जुनी रीत आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागणार नाही. गुडघे दुखत असतील तर मात्र हट्ट करू नका. दर्दी लोक इथे वर्षानुवर्षं उभे राहून ऐकतात, त्यांच्याशी पैज लावण्यात अर्थ नाही.

तिकीट नाहीच मिळालं, तर एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये अनेक संध्याकाळी आतला खेळ बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात. फुकट. स्वेटर आणि खाऊ घेऊन जावं.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) व्हिसा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांचं शुल्क ९० युरो आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. महागडी तिकिटं व्हिसा हातात आल्यावर काढलेली बरी. तोवर उभ्याची जागा आहेच. राहायला कार्ल्सप्लाट्झच्या आसपास किंवा यू-१, यू-४ या मेट्रोमार्गांवर हॉटेल बघा. ऑपेरा कार्ल्सप्लाट्झ स्थानकाच्या डोक्यावरच आहे.

दिवस रात्रीशी जुळवा

गोम इथे आहे. सहलकंपन्या दिवस असा भरतात की संध्याकाळी पायांत त्राण उरत नाही. ऑपेराच्या दिवशी एकच मोठी गोष्ट बघायची, तीही सकाळी आणि जवळची. दुपारी हॉटेलवर येऊन तासभर आडवं व्हायचं. आणि जे बघायचं ते शक्यतो रात्रीच्या खेळाशी नातं असलेलं.

समजा रात्री ‘फिगारो’ आहे. सकाळी गाइडबरोबर जुन्या शहराचा दोन तासांचा पायी फेरफटका घ्या. ऑस्ट्रियात गाइडचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा परवानाधारक गाइड आहे ना हे नोंदवताना विचारा. ‘फुकट’ फेरफटकेही असतात, शेवटी राजीखुशीने पैसे द्यायचे. ते वाईट नसतात, पण गर्दीत मागे उभ्या असलेल्याला अर्धं ऐकू येत नाही. फेरफटक्यात मिखाएलरप्लाट्झ हा चौक आला की गाइडला जुन्या बुर्गथिएटरबद्दल विचारा. राजवाड्याला लागून असलेल्या त्या नाट्यगृहात १ मे १७८६ रोजी ‘फिगारो’चा पहिला प्रयोग झाला. इमारत आता नाही, जागा आहे. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर, सेंट स्टीफनच्या कॅथीड्रलमागे, डोमगासं ५ हे घर. मोझार्ट इथे १७८४ ते १७८७ राहिला आणि ‘फिगारो’ इथेच लिहिला. आत मूळचं सामान फारसं नाही, हे आधीच सांगतो. पण त्या खिडकीतून खालची अरुंद गल्ली बघून रात्री पडदा वर जातो तेव्हा फरक पडतो. मोझार्टचं लग्न १७८२ मध्ये याच कॅथीड्रलमध्ये लागलं, आणि डिसेंबर १७९१ मध्ये त्याच्या अंत्यविधीची प्रार्थनाही इथेच झाली.

‘फिडेलिओ’ असेल तर नाशमार्क्ट बाजाराजवळच्या थिएटर आन डेर वीनकडे वळा. संगीतकार बेथोवनच्या या एकुलत्या एक ऑपेराचा पहिला प्रयोग तिथे नोव्हेंबर १८०५ मध्ये झाला, तेव्हा शहर नेपोलियनच्या फौजेच्या ताब्यात होतं आणि प्रेक्षकांत फ्रेंच अधिकारी बसले होते. खेळ पडला. बाजारात फलाफल, चीज, ऑलिव्ह असं शाकाहारी खाणं भरपूर मिळतं. रविवारी मात्र बाजार बंद.

स्टाट्सओपरच्या इमारतीचा गाइडसह दौरा साधारण पाऊण तासाचा असतो. खेळ बघण्याच्या आधी तो करावा. १८६९ मध्ये मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ने हे ऑपेरागृह उघडलं, पण ते बांधणारे दोघं वास्तुविशारद तो दिवस बघायला उरले नाहीत. समोरच्या रस्त्याची पातळी काम चालू असताना उंचावली, इमारत बसकी दिसू लागली आणि शहराने तिची टर उडवली. फान डेर न्युलने १८६८ मध्ये आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्याचा भागीदार सिकार्ड्सबुर्ग आजाराने गेला. या प्रकारानंतर सम्राट फ्रान्झ योझेफने कलाकृतीवर मत देणंच सोडलं आणि ‘फार छान, मला आनंद झाला’ एवढंच वाक्य ठेवलं, असं सांगतात. १२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. पुढचा दर्शनी भाग आणि भव्य जिना तेवढे वाचले. दौऱ्यात जिन्यावरून प्रेक्षागृहात शिरताना एका पावलात एकोणिसावं शतक संपतं आणि १९५५ लागतं. नव्या भागात सोन्याची नक्षी एकदम कमी होते, ते मुद्दाम बघा.

मोकळी संध्याकाळ असलेल्या दिवशी शॉनब्रुन. १,४४१ खोल्यांपैकी थोड्याच दाखवतात, तरी पाय बोलायला लागतात. त्यात मागच्या टेकडीवरची ग्लोरिएट ही कमानींची वास्तू चढलात तर संपलंच. सहा वर्षांच्या मोझार्टने १७६२ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेझापुढे वाजवलं ते याच राजवाड्यात. प्रवेशाची वेळ ठरलेली असते, सकाळची पहिली घ्या. बाग फुकट आहे.

पोचल्याच्या दिवशी एवढंच करा: रिंगस्ट्रासंवरून साध्या ट्रामने फिरा. जुने तट पाडून काढलेल्या या रस्त्यावर संसद, महापालिका, संग्रहालयं, ऑपेरा ओळीने उभे आहेत. एकच ट्राम पूर्ण फेरी मारत नाही. श्वेडनप्लाट्झला १ आणि २ यांची अदलाबदल करायची. ७१ नंबरची ट्राम मध्यवर्ती दफनभूमीकडे जाते, जिथे बेथोवन, शूबर्ट, ब्राम्स हे संगीतकार एकमेकांजवळ विसावलेत. ‘त्याने एकाहत्तर पकडली’ म्हणजे तो गेला, असं इथले लोक म्हणतात.

खेळाच्या संध्याकाळी

जेवण पाचलाच. सुटल्यावर बहुतेक उपाहारगृहांचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. मग उरतो सॉसेजचा ठेला. अंडं चालणाऱ्या शाकाहाऱ्यांनी केझश्पेट्झलं (चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे) मागवावेत किंवा पोट भरेल इतका काइझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक).

कपड्यांचा बाऊ नको. पुरुषांना साधी पँट, शर्ट, जमलं तर जॅकेट. साडी उत्तम, उभं राहायचं असेल तर सुती किंवा हलकी सिल्क आणि सपाट चपला. बर्म्युडा आणि रबरी स्लिपर घालून दाराशी वाद घालू नये. ओव्हरकोट आणि पाठपिशवी क्लोकरूममध्ये ठेवावी लागते, तिची रांग धरून अर्धा-पाऊण तास आधी पोचा. दिवे मंदावल्यावर आलेल्याला आत सोडत नाहीत, मध्यंतरापर्यंत बाहेरच्या पडद्यावर बघत बसावं लागतं.

संगीत नाटकांवर वाढलेल्यांना टाळी कधी द्यायची हे आपसूक कळतं: गाणं पूर्ण झालं, वाद्यवृंद थांबला, की. ‘वन्स मोअर’ मात्र गिळायचा. गायक पुन्हा गातो, पण क्वचितच. मध्यंतराचं खाणंपिणं आधी सांगून ठेवता येतं. नाहीतर वीस मिनिटं रांगेत जातात आणि तेवढ्यात तिसरी घंटा होते. खेळ चालू असताना मोबाइल पिशवीत.

शेवटच्या टाळ्या लांबतात, गायक पुन्हापुन्हा पडद्याबाहेर येतात. कोट घ्यायला धावू नका, रांग तशीही ओसरते. शुक्रवारी, शनिवारी मेट्रो रात्रभर असते. इतर रात्री ती मध्यरात्रीनंतर थांबते आणि मग रात्रीच्या बस, ज्या ऑपेराच्या समोरूनच सुटतात.