वर्गात पॅनल आलाय ना? मग आधी लॉगिन बघा

शाळेला इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारी मोठी स्क्रीन, मिळाला, लोकसहभागातून असो, कंपनीच्या सीएसआर निधीतून असो की वरून आलेला असो, नारळ फुटला, ग्रुपवर फोटो पडले, आणि आता सोमवारी त्यावर खरोखर तास घ्यायचाय म्हणून पोटात गोळा आलाय, अशा शिक्षकांसाठी हे लिहितोय. तंत्रस्नेही मंडळींनी सोडून दिलं तरी चालेल, त्यांना यातलं सगळं माहीत असतं (आणि तरी अडकतात, पण ते असो).

प्लग, स्विच, रिमोटचे सेल, पेन. ठीक. यावर बोलत नाही.

पहिलं काम, आणि हे मी खाली परत परत लिहिणार आहे, वैतागलात तरी लिहिणार आहे: लॉगिन कुणाच्या नावावर आहे ते बघा. पॅनलमधलं गुगल खातं कुणाचं, अभ्यासक्रमाच्या सॉफ्टवेअरला कुठला मोबाईल नंबर दिलाय, दीक्षाला, म्हणजे अभ्यासाच्या सरकारी ॲपला, कुणी साइन इन केलंय, वायफायचा पासवर्ड कुणाला माहितीय. बहुतेक शाळांत याचं उत्तर एकच असतं, जे सर पॅनल बसवला त्या दिवशी हजर होते त्यांचा नंबर. ते सर आता बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात. पॅनल नीट चालू असतो तोवर कुणाला काही कळत नाही, कारण आत सगळं लॉगिन झालेलंच असतं. मग एक दिवस अपडेट येतं, किंवा कुणीतरी मूल सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी दाबतं, आणि स्क्रीनवर येतं ओटीपी टाका.

आमच्याकडे हे कुणी बघितलं नव्हतं, मी तर नाहीच नाही, आणि तास माझा होता. शिक्षण परिषद (केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षकांची बैठक) आमच्या शाळेत, सगळे शिक्षक सतरंजीवर, केंद्रप्रमुख खुर्चीत, आणि ओटीपी गेला तो बदली झालेल्या सरांच्या जुन्या नंबरवर, जे सिम त्यांनी कधीच बंद केलं होतं. पुढचं सांगत नाही. चौथीतली एक मुलगी म्हणाली, सर फळ्यावरच घ्या ना. एवढं पुरे.

तर करायचं काय. शाळेच्या नावाचा एक ईमेल काढा, कुणाचा खाजगी नको, मुख्याध्यापकांचाही नको कारण त्यांचीही बदली होते. त्याला दोन जणांचे नंबर जोडा, एक शाळेतला आणि एक गावातलाच कुणीतरी कायमचा, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीतला जरा जबाबदार माणूस. शाळेसाठी वेगळं सिम घेतलं तर उत्तमच, पण रिचार्ज मारत राहायला लागतो, बरेच दिवस मारला नाही तर नंबर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्याच कुणाला मिळतो, मग ओटीपी त्याच्याकडे. ओटीपी येत नसेल तेव्हा वापरायचे गुगल खात्याचे बॅकअप कोड मिळतात, दहा असतात, आठ-आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो, ते प्रिंट काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. पॅनलच्या मागे सेलोटेपने चिकटवू नका. मुलं सगळं वाचतात, जे वाचायला सांगतो ते सोडून. आणि मग, हे महत्त्वाचं, एकदा स्वतःहून लॉगआऊट करा आणि परत आत जाऊन दाखवा. नुसतं पासवर्ड वहीत लिहिलाय म्हणून खूश होऊ नका, लिहिलेला पासवर्ड आणि चालणारा पासवर्ड या दोन गोष्टी असतात.

आता बाकीचं.

नेट बंद करून चालवून बघा. घरी नाही, वर्गात, त्याच पॅनलवर, वायफाय ऑफ करून. जे तेव्हा चालेल तेवढंच तुमच्याकडे आहे असं धरा. दीक्षा २०१७ पासून आहे तरी अजून कितीतरी जण ऐन तासाला पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ गोल गोल फिरताना बघत बसतात, अरे ॲपमध्ये डाउनलोडचं बटण आहे, आदल्या दिवशी उतरवून ठेवलं की नेट लागत नाही. कोड पुसट झाला असेल किंवा कॅमेरा पकडत नसेल तर त्याच्याखाली सहा अक्षरी कोड छापलेला असतो तो टाईप करा. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत, त्या एकदाच उतरवून घ्या. गणित-विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स आहेत, बरीच मराठीत आहेत, आणि एकेक सिम्युलेशन फाईल म्हणून उतरवता येतं, ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतं. अपूर्णांकाला तर मी आता दुसरं काही वापरतच नाही, मुलं स्वतः तुकडे ओढून भांड्यात टाकतात, पाव आणि अर्धा यात मोठं काय हे एकदा हाताने केलं की डोक्यात बसतं.

यूट्यूबवरून थेट दाखवायचं असेल तर तुमची मर्जी, पण मध्ये कसली जाहिरात लागेल आणि संपल्यावर बाजूला काय सुचवेल ते तुमच्या हातात नाही, आणि पालक दारात उभे असतात.

पेनड्राइव्ह. यावर जरा थांबतो कारण इथे खूप जण पडतात. लॅपटॉपवर चालला म्हणून पॅनलवर किंवा टीव्हीवर चालेल असं नसतं. काही टीव्ही फक्त फॅट-३२ प्रकारचा पेनड्राइव्ह वाचतात, आणि त्या प्रकारात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, म्हणून ते मोठे व्हिडिओ कॉपी होताना एरर येतो आणि आपण पेनड्राइव्ह खराब म्हणून नवा आणतो. फाईल लहान करा, विषय संपला. दुसरं म्हणजे फॉन्ट. जुन्या चाचण्या, स्वाध्याय, सगळं आपण श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाईप केलेलं आहे, ते पॅनलवर उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते. नवीन जे काही टाईप कराल ते युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, करा, आणि जुनं असेल तर लॅपटॉपवर पीडीएफ करूनच न्या.

लॅपटॉप जोडणार असाल तर अजून एक. एचडीएमआय केबलने चित्र जातं, स्पर्श जात नाही. पॅनलला बोट लावून लॅपटॉप चालायला हवा असेल तर सोबत यूएसबीची वेगळी टच केबल लावायला लागते, खोक्यात असते, चौकोनी तोंडाची, प्रिंटरला असते तशी, आणि ती हमखास खोक्याबरोबर माळ्यावर गेलेली असते. शोधा. मुलांना बोलावून "हात लाव" म्हणायचं आणि काहीच हलत नाही, ते मूल बिचारं आपलंच चुकलं समजून जागेवर जाऊन बसतं.

मोबाईल जोडणार असाल तर आधी डू नॉट डिस्टर्ब. नातेवाईकांच्या ग्रुपवरचे मेसेज ७५ इंचावर फार मोठे दिसतात.

लॉगिन बघितलंत का? बघितलं म्हणताय, पण लॉगआऊट करून परत गेलात का? नाही ना. जा, करून या, मग पुढचं वाचा.

खोलीचं बघा. शेवटच्या रांगेत खाली सतरंजीवर जाऊन बसा, खुर्चीत नाही, मुलं बसतात तसे. तिथून अक्षर वाचता येतं का? खिडकीचा उजेड काचेवर पडून अर्धी स्क्रीन पांढरी होते का? होत असेल तर पडदा, नाहीतर जुनी साडी, काहीही, पण दुपारी तपासा, सकाळी ठीक दिसतं आणि खिचडीनंतर काही दिसत नाही. पॅनल भिंतीवर किती उंच बसवलाय तेही बघा, बसवणारा माणूस आपल्या उंचीने बसवून जातो आणि दुसरीतल्या पोराचा हात अर्ध्यावरच संपतो, मग खाली भक्कम बाकडं ठेवा. आणि फळा झाकून पॅनल बसवू देऊ नका, म्हणजे नकाच. मुख्याध्यापक म्हणतील मधोमध चांगला दिसतो, फोटोत चांगला दिसतो, होऊ दे नाराज. फळा बाजूला मोकळा पाहिजे, त्यावर त्या तासाचे शब्द, उदाहरणं राहतात, स्क्रीनवरचं पुढे सरकलं की गेलं.

लाईट. ग्रामीण शाळेत असाल तर वेगळं सांगायची गरज नाही. बिल थकलं म्हणून मीटर कापलेल्या शाळा आपण सगळ्यांनी बघितल्यात, तेव्हा बिल भरलंय का ते आधी. इन्व्हर्टर असेल तर पॅनल त्यावर खरंच चालतो का आणि किती वेळ, एकदा मेन बंद करून घड्याळ लावा. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर, पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. आणि अर्थिंग. मुलं ओल्या हाताने येतात.

पाठाचं नियोजन, इथे मला थोडं बोलायचंय. द्विशिक्षकी शाळेत आपल्यासमोर दोन वर्ग असतात, पॅनल एकच. तिसरीला दाखवायचं म्हटलं की चौथी पण मान वळवून तेच बघणार, साहजिक आहे, पाठ त्यांचा आदल्या वर्षी झालेला असला तरी. प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही, तिथे एक शिक्षक, एक वर्ग आणि एसी हॉल असतो. मी करतो ते असं, दोन्ही वर्गांना चालेल असा तुकडा आधी सगळ्यांना दाखवतो, मग चौथी पाठ फिरवून वहीत लेखी कामाला आणि तिसरी पॅनलवर, आणि मग उलट. व्हिडिओ सलग लावायचा नाही. दोन-तीन मिनिटं झाली की थांबवा, पुढे काय होईल विचारा, चुकीची उत्तरं फळ्यावर लिहा, मग पुढे चालू करा. व्हिडिओ लावून दाखले भरत बसायचं असेल तर पॅनल कशाला, टीव्ही होताच की.

रणजितसिंह डिसले सरांचं नाव सगळे घेतात, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, पुस्तकांवरचे क्यूआर कोड, वगैरे. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी जे केलं त्यात मला मोठं हे वाटतं की घरी कन्नड बोलणाऱ्या मुलींना पुस्तक कळत नव्हतं, मग सरांनी ते मुलींच्या भाषेत आणलं, आणि कोड हा तिथे पोचायचा रस्ता झाला. आधी मुलांचं काय अडतंय ते, मग यंत्र. आपण उलटं करतो, पॅनल आलाय, आता त्यावर काय दाखवू.

एआयने स्वाध्याय बनवून घेता येतात, घ्या, वेळ वाचतो. पण प्रत्येक ओळ वाचा. मराठी वाक्यं अधूनमधून विचित्र येतात, गणिताचं उत्तर चुकतं, आणि संदर्भ भलतीकडचे येतात, आमच्या पोरांना सबवे कुठून माहीत असणार. मुलांची नावं, आधार क्रमांक, पालकांचे नंबर असलं काही त्यात टाकायचं नाही. वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती मागतो, तेव्हा कुठलंही ॲप "विद्यार्थ्यांची यादी अपलोड करा" म्हणालं की हात आखडा.

एक रंगीत तालीम. दोन-चार मुलं शाळा सुटल्यावर थांबवा आणि त्यांच्याकडून चालवून घ्या, आपण हात मागे बांधून. मोठ्या वर्गातली दोन मुलं सुरू-बंद, आवाज, पेन एवढ्यापुरती तयार झाली की तुमचं अर्धं काम हलकं. मुलगे आपोआप पुढे येतात, मुलींना नाव घेऊन बोलवा.

तासाच्या दिवशी: परिपाठाच्या आधी पॅनल सुरू. अपडेट मागितलं तर "नंतर". आवाज तपासा. लॉगिन आहे का बघा, हो परत, आदल्या संध्याकाळी होतं याला काही अर्थ नाही, आमचंही आदल्या संध्याकाळी होतं. आणि तोच पाठ खडूने घ्यायची तयारी करून ठेवा, तक्ता, काड्या, मणी, जे असेल ते. दोनदा प्रयत्न करून नाही चाललं तर बंद करा आणि फळ्याकडे वळा, मुलांसमोर वायरी हलवत उभं राहू नका.

तास झाल्यावर काय चाललं काय नाही, दोन ओळी वहीत. पेन मोजून ठेवा. शटडाउन नीट करा, मेन एकदम बंद नको. कव्हर घाला, सुट्टीत उंदीर वायरी खातात. डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंची नोंदवही) नोंद झाली नसेल तर करा, वॉरंटीचं कार्ड आणि बिल तिथेच जोडा. बदली झाली तर चार्ज यादीत (नवीन सरांना सोपवायच्या वस्तूंची यादी) पॅनलखाली लॉगिनची वेगळी ओळ लिहा आणि नवीन सरांना समोर बसवून त्यांच्या नंबरवर ओटीपी येतोय ते बघूनच सही घ्या, जुना नंबर तेव्हाच काढून टाका.

वायरिंगचं मला विचारू नका, वायरमनला विचारा.