विश्वस्त होण्याआधी : सीमाभागातल्या एका आधारसंस्थेसाठी तयारी

अत्याचार सोसून बाहेर पडलेल्या प्रौढ माणसांना आधार देणाऱ्या संस्थेनं तुम्हाला विश्वस्त व्हायला विचारलं असेल, तर होकार देण्याआधी संस्थेची घटना किंवा विश्वस्तनामा मागून घ्या आणि घरी बसून शेवटच्या पानापर्यंत वाचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात यातली बरीच कागदपत्रं कन्नडमध्ये असतात. बोलता येतं पण वाचता येत नाही, अशी आपल्यातल्या पुष्कळांची स्थिती आहे. तसं असेल तर कन्नड वाचणाऱ्या विश्वासातल्या माणसाला शेजारी बसवा आणि एकेक कलम समजून घ्या. न समजलेल्या कागदावर सही करू नका, सांगणारा कितीही जवळचा असो. संस्था सोसायटी असेल तर ती १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली असते. दर वर्षी वार्षिक सभा घेऊन पदाधिकाऱ्यांची यादी आणि तपासलेला जमाखर्च निबंधकाकडे द्यावा लागतो. ट्रस्ट असेल तर सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला दस्त पाहा. कोल्हापूरचे पाहुणे धर्मादाय आयुक्तांचे नियम सांगतील, पण महाराष्ट्रातल्या त्या कार्यालयाचे नियम इथं चालत नाहीत.

मग हिशेब. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. आयकरात १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखली जाणारी नोंदणी आहे का, तिची मुदत कधी संपते, परदेशातून पैसे येत असतील तर परवाना चालू आहे का, धनादेशावर कोण दोघं सह्या करतात, हे विचारा. रोखीनं आलेल्या दोन हजारांपेक्षा मोठ्या देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगता आलं पाहिजे. यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे समुपदेशकाचा पगार वेळेवर होतो का. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्या बाईला स्वतःच्या घरभाड्याची चिंता असेल तर ती टिकत नाही. आणि ती गेली की तिच्यावर विसंबलेल्या बायका पुन्हा एकट्या पडतात. पगाराचा प्रश्न बैठकीत लावून धरणं हे विश्वस्ताचं काम आहे. ते करण्याची तयारी नसेल तर बाकीच्या तयारीला फारसा अर्थ नाही.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो त्या मुद्द्याकडे येतो. आपल्या भागात माणसं एकमेकांना ओळखतात. शहापूरच्या गल्लीतली मुलगी खानापूरला दिलेली, तिची नणंद वडगावात, तिचा चुलत दीर तुमच्याच सोसायटीचा संचालक. मोठ्या शहरात आपोआप मिळणारी अनोळख इथं मुद्दाम तयार करावी लागते. म्हणून विश्वस्तानं स्वतःसाठी पहिला नियम असा घालून घ्यावा, की संस्थेत कोण येतं हे मला कळलंच नाही तर उत्तम. काळजी असणं वेगळं आणि नाव-गाव जाणून घेणं वेगळं. बैठकीपुढे येणाऱ्या अहवालात फक्त आकडे असावेत, आणि आकडेही जपून. "खानापूर तालुक्यातल्या एका गावातली शिक्षिका, वय चाळीस" एवढं वाचलं की निम्म्या तालुक्याला ती कोण हे कळतं. असा मजकूर अहवालात दिसला तर तो खोडायला लावा.

लग्नात, हळदीकुंकवात, मंडळाच्या आरतीला कुणीतरी विचारणारच, "अमक्यांची सून तुमच्याकडे आली होती म्हणे?" त्याचं उत्तर आजच ठरवून ठेवा आणि घरच्यांनाही तेच शिकवा. "संस्थेत कोण येतं ते मला सांगितलं जात नाही आणि मी विचारतही नाही." ती आली असो वा नसो, शब्द हेच. एखादीच्या बाबतीत ठामपणे "नाही" म्हणालात, तर पुढच्या वेळच्या तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लोक बरोबर लावतात. विश्वस्तांच्या व्हॉट्सॅप गटावर एकही नाव, फोटो किंवा तक्रारीची प्रत येऊ नये, असा ठराव नसेल तर पहिल्या बैठकीत मांडा. बलात्कारातील पीडितेची ओळख छापणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरगुती छळाच्या प्रकरणांना हे कलम लागत नसलं तरी संस्थेचा नियम तितकाच कडक हवा. महिला दिनाला लाभार्थींसोबत फोटो काढायची पद्धत असेल तर ती बंद करा. देणगीदार "एकदा त्या बायकांना भेटतो" म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणायची तयारी ठेवा. देणगी गेली तरी चालेल.

डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या एका गावात एका आईला तिच्या मुलाच्या प्रेमसंबंधावरून विवस्त्र करून मारहाण झाली. गावाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, तरी मी इथं लिहीत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, जन्मानं निपाणीचे. त्या बाईला भेटायला पुढारी, संघटना, कॅमेरे यांची रीघ लागली होती. तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय इस्पितळात तिला कुणी भेटू नये, असं खंडपीठाला सांगावं लागलं. त्या रांगेत वाईट हेतूची माणसं थोडीच असतील. चांगल्या हेतूच्या गर्दीचाही त्रास होतो, आणि विश्वस्त त्या गर्दीत कधीही नसावा.

हितसंबंधांची यादी स्वतः लिहून द्या. भावकी, व्यवसायातले भागीदार, ज्या शाळेच्या, बँकेच्या किंवा मंडळाच्या समितीवर तुम्ही आहात ती सगळी नावं. प्रकरण तुमच्या ओळखीच्या घरातलं निघालं तर बैठकीतून उठून बाहेर जायचं, आणि तसं इतिवृत्तात नोंदवायचं. इथं बहुतेकांची परीक्षा होते, कारण तोवर फोन सुरू झालेले असतात. "तुम्ही वडीलधारे आहात, दोघांना समोरासमोर बसवा, मिटवून टाका." गावात मान असलेल्या माणसाला ही विनंती मोडवत नाही. पण मारणारा आणि मार खाणारी एका सतरंजीवर बसले की तिथं मिटवामिटवी होत नाही, तिची समजूत काढली जाते. दोन्ही घरांची इज्जत हा शब्द निघाला की तिचं म्हणणं संपतं. विश्वस्तानं कुठल्याही प्रकरणात मध्यस्थी करायची नाही, हे घरच्यांना, पंचांना, भाऊजींना पद घेण्याआधीच सांगून टाका. नंतर सांगणं फार जड जातं.

कायदा समुपदेशकाला आणि वकिलाला माहीत असतोच. तुम्हाला तो इतका तरी यावा की तुमच्या तोंडून चुकीचा सल्ला जाऊ नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त नवऱ्यापुरता नाही. मुलाचा मार खाणारी आई आणि भावाकडून छळली जाणारी बहीणही त्याखाली दाद मागू शकते. कर्नाटकात संरक्षण अधिकारी म्हणून महिला व बालविकास खात्याचे सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, काम पाहतात. तुमच्या तालुक्याचं ते कार्यालय कुठं आहे ते एकदा जाऊन पाहून या. कायद्यानुसार अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत लागावा. व्यवहारात वेळ लागतो, म्हणून संस्थेनं तो सगळा काळ तिच्यासोबत राहायची तयारी ठेवावी लागते. याच कायद्यात संस्थेला सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी करता येते. तशी नोंदणी असेल तर घटनेचा अहवाल नोंदवणं, वैद्यकीय तपासणीला नेणं, निवाऱ्याची सोय करणं हे अधिकार मिळतात आणि सद्भावनेनं केलेल्या कामाला संरक्षणही मिळतं. आपल्या संस्थेची नोंदणी आहे का, हे विचारा. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळतो, आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

सीमेचा प्रश्न इथं रोजचा आहे. बेळगावची लेक चंदगडला, गडहिंग्लजची लेक हुक्केरीला, ही आपली सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची. छळ एका राज्यात होतो आणि माहेर दुसऱ्या राज्यात असतं. "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य तिला दोन्हीकडे ऐकावं लागतं, आणि ते खरं नसतं. घटना कुठंही घडलेली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात द्यायची सोय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेतच आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही करता येतो, आणि तो आदेश देशभर चालतो. सासरचा छळ झाल्यावर आसरा घेतला त्या गावीही गुन्हा नोंदवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. ही तीन वाक्यं मराठीत आणि कन्नडमध्ये छापून संस्थेच्या टेबलावर ठेवायला सांगा. यासोबत सरकारी योजनांचंही पाहा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा दोन हजार रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या नावावर येतात, आणि पुष्कळ घरांत ती सासू असते. घर सोडून आलेलीच्या हातात त्यातलं काही नसतं. बसचा मोफत प्रवासही कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना आणि राज्याच्या हद्दीतच. आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असलेली सून कोर्टाच्या तारखेला तिकीट काढूनच येते. म्हणून प्रवासखर्चासाठी थोडी रक्कम अंदाजपत्रकात वेगळी काढून ठेवा. ही रक्कम छोटी असते, पण तारीख बुडत नाही.

सीमाप्रश्नाबद्दल तुमचं मत काहीही असो, ते या कामात आणू नका. कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या बायकांना आपापल्या भाषेत रडता आलं पाहिजे, म्हणून समुपदेशकही तशा हव्यात. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो, आणि सही करण्याआधी तो तिला मराठीत वाचून दाखवणारं माणूस ठाण्यात हवं. ही सोय संस्था करते का, ते पाहा. विश्वस्त मंडळात फक्त मराठी माणसं असतील तर तेही बदलायला हवं.

कोण कोण येतं याचाही मनाशी विचार करून ठेवा. मारझोडीतून आलेली तरुण बायको एवढंच चित्र डोळ्यांपुढे असेल तर पुष्कळ जण दिसतच नाहीत. देवाला सोडलेल्या बायका येतात. १९८२ च्या कायद्यानं ही प्रथा बंद केली, पण तिच्यात आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या आजही सौंदत्तीच्या परिसरात, निपाणीकडे आहेत. मुलांनी जमीन लिहून घेऊन बाहेर काढलेले वडील येतात. त्यांच्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आणि प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण आहे. लहानपणी घरातल्याच माणसाकडून जे झालं ते पन्नाशीत पहिल्यांदा बोलणारी माणसं येतात. त्यांना पुष्कळदा तक्रार करायची नसते, कुणीतरी खरं मानावं एवढंच हवं असतं. आणि पुरुष येतात. बलात्काराचं कलम प्रौढ पुरुषावरच्या लैंगिक अत्याचाराला लागत नाही, आणि अशा वेळी पूर्वी लावलं जाणाऱ्या जुन्या कलम ३७७ सारखंही नव्या न्याय संहितेत काही ठेवलेलं नाही. कायदा तोकडा असला तरी संस्थेचं दार त्याला बंद नसावं. त्यांच्यासाठी वेगळी वेळ, वेगळी खोली आणि पुरुष समुपदेशक यांची तरतूद आहे का, विचारा. मूल संकटात असल्याचं कळलं तर मात्र गोष्ट बदलते. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार, असा अत्याचार कळवणं बंधनकारक आहे. प्रौढ माणसाच्या बाबतीत पुढचं पाऊल त्याचं त्यानंच ठरवायचं.

संस्थेच्या आतही डोळे उघडे ठेवा. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि मोजताना स्वयंसेवकही धरले जातात. निवारागृहात विश्वस्तानं न सांगता जायचं नाही, पुरुषानं तर नाहीच. नव्या कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि आधीच्या ठिकाणची चौकशी झाली का, हे दर वेळी विचारा. लोक चिडले तरी विचारा.

स्वतःकडेही पाहा. तुमच्या घरात, तुमच्या आयुष्यात असं काही घडून गेलं असेल तर या कामात जुनं दुखणं वर येऊ शकतं. म्हणून पद नाकारायची गरज नाही. बोलायला कोण आहे ते मात्र आधी ठरवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आपल्याला जवळ आहे. चिडलेला नवरा तुमच्या दुकानात किंवा दारात येऊ शकतो, हे घरच्यांना सांगून ठेवा. फोनमध्ये तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक साठवा.

पद सोडून गेलेल्या किमान एका विश्वस्ताला भेटा आणि का सोडलं ते विचारा. पद किती वर्षांचं आहे आणि संपल्यावर काय करायचं, हेही आजच समजून घ्या. निबंधकाकडच्या यादीतून आणि बँकेच्या सह्यांतून नाव काढून घ्यायचं, गटातून बाहेर पडायचं, फोनमधले आणि ईमेलमधले संस्थेचे कागद पुसायचे आणि नव्या विश्वस्ताला सीए आणि सीडीपीओ कार्यालयाचा नंबर द्यायचा.