इब्न अल-हैथमची अंधारी खोली घरी कशी करायची

कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज बघतच मी मोठा झालो. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण कॅमेऱ्याच्या आधीची अंधारी खोली ज्यानं कसून तपासली, त्याचं नाव कुणी घेत नाही. म्हणून मे महिन्यात फोटो स्टुडिओची बंद पडलेली डार्करूम उघडतो आणि त्याचाच प्रयोग लावतो.

इब्न अल-हैथम हा शास्त्रज्ञ आजच्या इराकमधल्या बसऱ्याचा, जन्म सुमारे इ.स. ९६५ चा. पुढं कैरोत राहिला. डोळ्यांतून किरण निघतात म्हणून दिसतं, असं युक्लिड आणि टॉलेमी हे जुने ग्रीक पंडित मानत. यानं 'किताब अल-मनाझिर' या दृष्टी आणि प्रकाशावरच्या ग्रंथाच्या सात भागांत उलट मांडलं: वस्तूकडून प्रकाश डोळ्यांत येतो.

प्रयोग रात्रीच करा. दार अर्धवट उघडून फटीत टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करा, उरलेल्या फटी वाकळीनं बुजवा. वर्तमानपत्र लावू नका, त्यातून उजेड झिरपतो. बाहेरचे दिवे लागलेले असताना आत पाच मिनिटं बसा. तरीही स्वतःचा हात दिसला नाही तर अंधार पुरे झाला. मग पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढं एकच भोक पाडा.

आता बाहेरचे दिवे घालवा. दारापासून दोन फुटांवर, भोकाच्या उंचीला, स्टुलावर तीन पणत्या आडव्या रांगेत वीतवीत अंतरानं लावा; आमच्याकडं रांगेचं एक टोक जिन्याकडे, दुसरं रस्त्याकडे असतं. वाकळीला आच लागू नये म्हणून तिथं एक मोठं माणूस आणि पाण्याची बादली हवीच. आत भोकापासून तेवढ्याच अंतरावर पांढरा कागद धरा. तीन ठिपके उमटतील.

इथं घाई करू नका. जिन्याकडच्या पणतीपुढं वाटी आडवी धरायच्या आधी पोरांना विचारा, कुठला ठिपका जाईल? बहुतेक जण जिन्याकडचाच दाखवतात. वाटी धरली की जातो रस्त्याकडचा! बाकीचे दोन जागचे हलत नाहीत. वाटी काढा, तो परत येतो. गेल्या वर्षी एका मुलीनं हे अकरा वेळा करायला लावलं, आणि मी ते आनंदानं केलं. तिन्ही उजेड एवढ्याशा भोकातून एकाच वेळी जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येक आपल्या सरळ रेषेत पलीकडे पोचतो. दिवे झाकत-उघडत हेच त्यानं हजार वर्षांपूर्वी दाखवलं. टॉलेमीसारख्या मोठ्या माणसाच्या लिखाणावरही शंका काढणारा स्वतंत्र ग्रंथ त्यानं लिहिला, यातच त्याचा स्वभाव कळतो.

पुठ्ठा तसाच राहू द्या. सकाळी त्याच मापाचं भोक रस्त्याकडच्या खिडकीला लावलेल्या पुठ्ठ्याला करा. कागद जवळ आणला की चित्र लहान पण उजळ होतं, लांब नेला की मोठं आणि फिकं. रिक्षा उलटी, चाकं वर, आणि खरी जिकडे जाते त्याच्या उलट दिशेनं पळताना दिसेल. सूर्याकडे मात्र भोकातून डोळा लावू देऊ नका.