बाळाला घेऊन पहिल्यांदा निसर्गात: भंडारदऱ्याला दोन रात्री कशा राहायच्या

बाळ सहा-सात महिन्यांचं झालं, वरचं खाणं सुरू झालं, रात्रीची झोप जरा मार्गी लागली की घरात विषय निघतोच, चला आता कुठेतरी जाऊन येऊया. आणि लगेच दुसरीकडून, एवढ्याशा जिवाला घेऊन जंगलात कुठे निघालात, वर्षाचं तरी होऊ दे. माझं मत विचाराल तर सहा ते दहा महिने हा काळ पहिल्या सहलीसाठी फार छान असतो, कारण बाळ बसायला लागलेलं असतं पण पळायला लागलेलं नसतं, आणि झाडाखाली चादर टाकून बसवलं तर नुसती हलणारी पानं बघत कितीतरी वेळ रमतं. फक्त एक गोष्ट आधी नवरा-बायकोने आपापसात पक्की करून टाका, की ही पॉइंट बघत फिरायची ट्रिप नाहीये, ही एका जागी राहायची ट्रिप आहे. एक जागा, एक रूम, दोन रात्री, आणि बाळाचं घरचं वेळापत्रक तिथेही जसंच्या तसं. खाणं, आंघोळ, झोप आपल्या वेळेला झालं तर बाळ खूश, आणि बाळ खूश तर सगळेच खूश.

मी भंडारदरा धरून सांगते कारण पुणे, मुंबई, नाशिक तिन्हीकडून अर्ध्या दिवसात पोचता येतं, तलाव आहे, सह्याद्री समोर उभा आहे, आणि उंची साडेसातशे मीटरच्या आसपास त्यामुळे विरळ हवेचा प्रश्नच येत नाही. (लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, ते बाळ मोठं होईपर्यंत राहू द्या.) तुमच्या मनात दुसरी जागा असेल तरी पद्धत हीच.

कधी जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तिकडे धो-धो पाऊस, धुकं, रस्ते निसरडे, आणि सगळ्यात वैताग म्हणजे धुतलेला एक कपडा वाळत नाही. मे अखेर ते जूनमध्ये काजवे बघायला मित्रमंडळी बोलावतील, काजवे अप्रतिम असतात यात वादच नाही, पण तेव्हा रात्री गाड्यांच्या रांगा लागतात आणि अंधारात बाळाला घेऊन ट्रॅफिकमध्ये अडकणं नको. थंडीत रात्री चांगलाच गारठा पडतो पण थंडीचं सोपं आहे, कपडे घालता येतात.

तारीख ठरवायच्या आधी लसीकरणाचं कार्ड काढून बघा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवरची लस असते आणि तिचा ताप लगेच न येता आठवड्या-दीड आठवड्याने येऊ शकतो, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. म्हणजे लस देऊन चार दिवस काही झालं नाही म्हणून निघालात आणि नेमका तिथे ताप आला असं व्हायला नको. जायच्या आधी डॉक्टरांकडे एक चक्कर मारा आणि पॅरासिटामॉलचा डोस बाळाच्या आत्ताच्या वजनाप्रमाणे कागदावर लिहून घ्या, औषधाच्या नावासकट. ड्रॉप्स आणि सिरप यात औषधाचं प्रमाण वेगळं असतं, ड्रॉप्स खूप जास्त कडक असतात, त्यामुळे घरी ड्रॉप्स देता आणि तिथल्या मेडिकलमध्ये सिरप मिळालं तर मिली तेवढेच धरून चालत नाही.

बुकिंग करताना ॲपवर फोटो बघून पैसे भरू नका, फोन करा आणि सरळ विचारा. रूम तळमजल्यावर आहे का, बाहेर व्हरांडा आहे का, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, मऊ भात करून द्याल का, शनिवारी रात्री साउंड लावता का. एमटीडीसीचं रिसॉर्ट तलावाच्या काठालाच आहे, बाकी शेंडी गावात आणि आजूबाजूला होमस्टे भरपूर आहेत. शक्य असेल तर मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी तलावाच्या कडेने तंबू आणि गाणी असतात. तंबूत राहायचा मोह मात्र या वेळी सोडा, दव पडतं, पहाटे आत गार होतं, आणि रात्री दोनला डायपर बदलायला संडास-बाथरूम लांब असतं.

आणि गिझर कुठला ते नक्की विचारा! काही ठिकाणी बाथरूमच्या आतच गॅसचा गिझर असतो आणि खिडकी बंद असली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, माणसं यात दगावलेली आहेत. तसा गिझर असेल तर खिडकी उघडी ठेवून आधी बादल्या भरून घ्यायच्या, गिझर बंद करायचा, थोडं थांबायचं आणि मगच बाळाला आत न्यायचं. त्याच कारणाने बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी कधीही पेटती ठेवायची नाही, कितीही थंडी वाजू दे. बाळंतिणीच्या खोलीतला शेक-धुरी हा प्रकार तर तिथे अजिबात नको.

सामानाचं म्हणाल तर अख्खं घर उचलून नेऊ नका पण काही गोष्टींत काटकसर करू नका. कपडे रोजचे जेवढे लागतात त्याच्या दुप्पट, टोपडी, पायमोजे, दोन-तीन सुती दुपटी आणि आजीने शिवलेली कुंची असेल तर ती नक्की, कान-डोकं-पाठ एकदम झाकणारी तिच्याइतकी सोयीची वस्तू नाही. मोठी जुनी चादर खाली टाकायला. घडीची मच्छरदाणी, छत्रीसारखी उघडते ती. इलेक्ट्रिक किटली आणि थर्मास, रात्री झोपताना उकळलेलं पाणी थर्मासमध्ये भरून ठेवलं की मध्यरात्री लाइट गेली तरी अडत नाही. थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं (मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं करून नाही, आणि टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे), रोजचं तेल, आणि झिपवाल्या मोठ्या पिशव्या. पिशव्या वापरलेल्या डायपरसाठी. छोट्या गावात डायपरचं काही करायची सोय नसते, मग ते तलावाच्या काठी किंवा ओढ्यात पडलेले दिसतात, फार वाईट वाटतं बघून. आपले आपण गाडीत घालून परत आणायचे. दिवसा व्हरांड्यात लंगोट वापरलात तर डायपरही कमी लागतात.

आता प्रवास. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, मग अकोले, राजूर करत शेंडी, मुंबईकरांना कसारा घाट चढून घोटीवरून. पुण्याहून निघणार असाल तर पहाटे निघा, चाकणच्या ट्रॅफिकच्या आधी, बाळ झोपेतच असतं आणि पहिला टप्पा शांततेत होतो. एरवी साडेचार-पाच तासांचा रस्ता असेल तर तुम्ही सहा-सात धरून चाला, कारण दर दीड-दोन तासांनी थांबायचंच आहे, बाळाला सीटमधून काढून आडवं करायचं, पाजायचं, ढेकर काढायचा, जरा पाय मोकळे. आपल्याकडे बाळाला मांडीवर घेऊन बसायची सवय आहे, आजीच्या मांडीवर शांत झोपतं हेही खरं, पण साठच्या स्पीडला अचानक ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलेलं बाळ हातात राहत नाही. कार सीट मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. विकत घ्यायची नसेल तर पुण्या-मुंबईत भाड्यानेही मिळते. पुढच्या एअरबॅगवाल्या सीटवर बाळ कधीच नाही, आणि चालत्या गाडीत अंगावर पाजणं नाही, पाच मिनिटं बाजूला थांबा, काही बिघडत नाही.

पोचल्या दिवशी काहीही करू नका, खरंच काहीही नाही. व्हरांड्यात बसा, बाळाला जागेचा वास घेऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन कोवळं असताना बाहेर पडा आणि दहाच्या आत सावलीत या, पुन्हा चारनंतर. एका दिवसात एकच ठिकाण. माझी पहिली पसंती रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, हेमाडपंती, गाडी जवळपर्यंत जाते, आत दगड गार असतो, शेजारी पुष्करणी आहे. बाळाला कडेवर घेऊन एखाद्या खांबापाशी उभं राहा, ते आपसूक हात लावतं, कोरीव नक्षीवरून बोटं फिरवतं, मग थांबतं, परत फिरवतं, तोंड लावायला जातं, तेवढं आवरा आणि बाकी करू द्या. आपल्याला जे देऊळ पाच मिनिटांत बघून होतं ते त्याला अर्धा तास पुरतं. दुसरा पर्याय विल्सन डॅमच्या परिसरात एक संध्याकाळ, १९२६ साली पुरं झालेलं धरण आहे, हवा छान असते. रंधा धबधबा बघायचा तर लांबून, कठड्यापासून मागे उभं राहून. सांदण दरी नाही, १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या शिड्या बाळाला पाठीवर घेऊन तर नाहीच नाही. बोटिंगही सोडा, एवढ्या लहान बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट तिथे मिळेल असं धरून चालू नका आणि मोठ्यांचं त्याच्या अंगातून निसटतं.

चालताना बेबी कॅरियर असेल तर उत्तमच. बाळाचं तोंड कायम दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको, आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा जरा वर, बेडकासारखे. पाय नुसते लोंबकळत असतील तर कॅरियर बदला.

चादर कुठे टाकता ते बघून टाका. उंच गवतात नाही, कारण पावसाळ्यानंतर गवतात गोचिडी असतात आणि अगदी बारीक किडेही, ज्यांच्या चावण्यातून स्क्रब टायफस होतो. राखलेल्या जागेवर, अंगणात, खडकावर चालेल. झाडांमध्ये खाजकुयलीच्या शेंगा ओळखायला शिका, तपकिरी मखमलीसारख्या दिसतात आणि वाऱ्याने नुसती कुसं उडून अंगावर आली तरी मोठी माणसं रडकुंडीला येतात, बाळाचं काय होईल. रिसॉर्टच्या बागेत हौसेने लावलेली कण्हेर असते, ती मुळापासून फुलापर्यंत विषारी, त्यामुळे बाळाच्या मुठीत काय आहे हे सारखं बघत राहायचं. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि झोपताना मच्छरदाणी, डासांची कॉइल खोलीत लावू नका. शेकोटीला बसायचं तर बाळ धुरापासून लांब. रोज रात्री आंघोळ नको पण कपडे काढून कानामागे, काखेत, जांघेत, लंगोटाच्या कडेला एकदा नीट बघा, काही चिकटलंय का.

खाण्याची मला तिथे सगळ्यात कमी काळजी वाटते. मऊ भात आणि वरण, फोडणी-तिखट-मीठ घालायच्या आधी बाजूला काढून द्या म्हणायचं, मावशी प्रेमाने करून देतात. घरून नाचणीसत्त्व न्या, केळी रस्त्यात मिळतात. नवीन पदार्थ तिथे पहिल्यांदा देऊ नका, पुरळ आलं तर कशाने आलं कळत नाही. पाणी उकळून गार केलेलंच, पावडरचं दूध प्रत्येक वेळी ताजं आणि उरलेलं ओतून टाकायचं.

रानातला मध विकायला येतो, तुम्ही खुशाल घ्या पण वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, ते लहान बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. पूर्वी जन्मल्या-जन्मल्या मध चाटवायची पद्धत होती त्यामुळे आजीला हे पटायला वेळ लागेल, आदराने पण ठामपणे सांगा. आजी बरोबर येत असतील तर जरूर न्या बरं का, कारण पहाटे पाचला बाळाला अंगणात घेऊन फिरणारं कुणीतरी असलं की आईला दोन तास सलग झोप मिळते, आणि आईची सुट्टीही सुट्टीच आहे. आजी नसतील तर रात्रीच्या पाळ्या घरूनच ठरवून जा, तिथे भांडायला नको.

झोपवायचं पाठीवर, कडक गादीवर, उशा-रजया बाजूला काढून. हॉटेलचा पलंग उंच असतो आणि त्या वयात बाळं लोळून पडतात म्हणून गादी सरळ खाली घ्या, सगळे खालीच झोपा. आपल्या अंगावर जेवढे कपडे त्याहून एक थर जास्त पुरतो, मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक कमी करा.

पोचल्यावर रिसॉर्टवाल्याला विचारून ठेवा की लहान मुलांचे डॉक्टर सगळ्यात जवळ कुठे आहेत, रात्री कोण असतं, आणि फोनची रेंज कुठे येते, कारण रतनवाडीकडे नेटवर्क येतं-जातं. मोठं काही लागलं तर संगमनेर किंवा नाशिक. ॲम्ब्युलन्सला १०८. बाळ सुस्त पडलं, पाजायला घेतलं तरी ओढत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, श्वास भराभर चाललाय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, उठा आणि निघा.

घरी आल्यावर कपडे सगळे गरम पाण्यात धुवून टाका, वापरले नसले तरी. आणि पुढचे दोन-तीन आठवडे ताप आला, अंगावर पुरळ किंवा काळ्या खपलीसारखा डाग दिसला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही जंगलाकडे राहून आलोय. स्क्रब टायफसला तेवढे दिवस लागू शकतात आणि वेळेत कळलं तर त्याच्यावर औषध आहे.